बाबांचं मत

माझे वडील नागपुरात वारले तेव्हा मी कॅनडात, बर्नाबीला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोन सायलेंटवर होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी घरी आलेलं एखादं माणूस अजून विचारतंच, "त्यांना त्या वयात एकटं परत जाऊ कसं दिलंस गं?" पूर्वी मी तावातावाने उत्तर द्यायचे. आता चहा पुढे करते. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात रोमचा एक सम्राट येतो, त्यामुळे ते चहाबरोबर सांगता येत नाही.

आई गेल्यावर वर्षभरात मी बाबांना इकडे आणलं. मी एकुलती एक. बाबांनी एकाच शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशाला खडूचा पांढरा डाग असायचा. ते व्हिजिटर म्हणून आले आणि मी त्यांची मुदत वाढवत राहिले. आमच्याकडच्या जुन्या माणसांत लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, अशी रीत होती. बाबा असलं काही मानणारे नव्हते. तरी विमानतळावर उतरल्यापासून त्यांचं अवघडलेपण माझ्या लक्षात आलं होतं. चहा झाला की कप स्वतः विसळायचे. टीव्ही लावायच्या आधी माझ्या नवऱ्याला विचारायचे, "जावईबापू, लावू का?"

मी ठरवलं, हे चालणार नाही. या घरात बाबांचा मान राहिला पाहिजे. टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यांची, पहिली गरम पोळी त्यांच्या पानात, आणि घरातली लहानमोठी कुठलीही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय करायची नाही. विचारण्यात माझा हात कोण धरणार? मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. दहा-बारा माणसांना मत विचारायचं, ऐकल्यासारखं करायचं आणि माझ्या मनात होतं तेच त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, याचाच मला पगार मिळत होता.

"बाबा, हॉलला कुठला रंग द्यावा?"

बाबांनी तो प्रश्न मनावर घेतला. रंगांचं कार्ड हातात धरून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीपाशी उभे राहिले, उजेड बघितला आणि फिकट पिवळा सांगितला. भिंत मात्र ऑफ-व्हाइट झाली, कारण डबे मी आधीच आणून गराजमध्ये ठेवलेले होते. "इथल्या उजेडात पिवळा मळकट दिसतो, बाबा," मी म्हटलं. "तेही खरंच," ते म्हणाले. त्यानंतर काहीही विचारलं की ते आधी मला विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि मी सांगितलं की मान डोलवायचे. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत असे की माझं आणि बाबांचं कसं अगदी एकमत असतं. 

एकच गोष्ट त्यांनी आपणहून मागितली. आमच्या घराला बेसमेंट होतं. तिथे एक खोली, वॉशरूम आणि मागच्या अंगणात उघडणारं वेगळं दार होतं. येऊन तीन आठवडे झाले असतील. बाबा म्हणाले, "मी खालीच राहत जाऊ का? ते दार मला बरं पडेल. सकाळी फिरायला जाताना तुमची झोपमोड नको."

मी उसळलेच. "बेसमेंटमध्ये? लोक काय म्हणतील, बापाला भाडेकरूसारखं खाली टाकलं म्हणून? तुमच्यासाठी वरची खोली काढलीय. खिडकीतून डोंगर दिसतो."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. वरच्या खोलीतून डोंगर खरोखरच छान दिसायचा. पण पुढच्या दाराला अलार्म होता. एका पहाटे त्यांच्या हातून कोड चुकला, सगळं घर किंचाळलं, अलार्म कंपनीचा फोन आला आणि बाबांना घाबरून पासवर्ड सांगायचं सुचलं नाही. आम्ही खूप हसलो. ते मात्र त्यानंतर एकटे कधीच बाहेर पडले नाहीत. बूट घालून, मफलर गुंडाळून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे आणि कुणी निघालं की त्याच्याबरोबर निघायचे. मला ते रोज दिसत होतं. पण मला वाटायचं, त्यांना सोबत आवडते.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की बाबांचं डोकं गंजायला नको. डोंगरावरच्या युनिव्हर्सिटीत ज्येष्ठांसाठी वर्ग असत. परीक्षा नाही, फक्त ऐकायचं. मी तीन वर्गांचे कागद त्यांच्यापुढे मांडले. एक बागकामाचा, एक वॉटरकलरचा आणि एक रोमच्या इतिहासाचा. बागकाम सकाळी होतं, तेव्हा मला ऑफिस. वॉटरकलर पार डाउनटाउनच्या शाखेत. "तुम्ही ठरवा," मी म्हटलं.

बाबांनी कागद पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि रोमवर बोट ठेवलं.

"बघा! मला वाटलंच होतं."

माझी लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. समोर बसून सीरियल खात होती. तिने मान वर न करता म्हटलं, "मॉम, यू ऑलरेडी साइन्ड हिम अप. यस्टर्डे."

"सीट्स भरल्या असत्या तर?" मी म्हणाले. बाबा हसले आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून उठले.

दर शुक्रवारी मी ऑफिसमधून लवकर निघून त्यांना डोंगरावर सोडायचे आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसून कॉल्स घ्यायचे. शिकवणाऱ्या बाई स्वतःही निवृत्त प्राध्यापक होत्या. बाबा पहिल्या बाकावर बसत, इंग्रजी ऐकत आणि मराठीत टिपणं काढत. संध्याकाळी जेवताना आमचा वर्ग भरायचा. नागपूर सोडल्यापासून इतकं मोकळं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"आयुष्यभर मी आठवीच्या पोरांना एका ओळीत सांगितलं, की प्रजासत्ताक गेलं आणि साम्राज्य आलं," एकदा ते म्हणाले. "आज वाटलं, त्या सगळ्यांना परत वर्गात बोलवावं. ते असं एका दिवसात गेलंच नव्हतं. गेलं हेच त्या पहिल्या सम्राटाने कुणाला कळू दिलं नाही."

रोमच्या लोकांना राजा या शब्दाचा तिटकारा. पिढ्यान्‌पिढ्या राज्य चालवलेली जुनी खानदानी घराणी सिनेटमध्ये बसलेली. त्यांना हटवलं तर ती उलटणार. म्हणून हा स्वतःला राजा म्हणवूनच घेईना. म्हणे मी फक्त तुमच्यातला पहिला. एक दिवस सभेत उभा राहिला आणि सगळे अधिकार परत करतो म्हणाला. मग त्या मंडळींनीच गळ घातली की नको, तुम्हीच बघा. तेव्हा जिथे जिथे सैन्य होतं ते बहुतेक प्रांत याने नाइलाज झाल्यासारखे स्वतःकडे घेतले आणि शांत प्रांत त्यांना दिले.

"म्हणजे रिमोट स्वतःकडे," नवरा म्हणाला.

"अगदी बरोबर, जावईबापू. आपल्याकडे साताऱ्याहून वस्त्रं यायची आणि कारभार पुण्यात चालायचा, त्यातलाच प्रकार. निवडणुका चालू, पदं चालू, सभा चालू. फक्त सभेपुढे यायचे विषय आधी एक लहानशी समिती त्याच्याबरोबर बसून बघायची."

"दॅट्स लाइक युवर प्री-मीटिंग, मॉम," लेक म्हणाली. मी तिला वाढायला उठले.

पण बाबांना त्या माणसाचं कौतुकही वाटायचं. त्यातली एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. सभेत आला की तो बसलेल्या एकेका सभासदाला नावाने नमस्कार करायचा, कानात नाव सांगायला कुणी नसताना. शेकडो माणसं! आणि जाताना त्यांना उठू द्यायचा नाही. बसा म्हणायचा आणि बसल्या जागी एकेकाचं नाव घेऊन निरोप घ्यायचा.

"ढोंग असेल," बाबा म्हणाले. "पण ढोंगासाठी इतके कष्ट कोण घेतं? मला शाळेत पन्नास पोरांची नावं पाठ करायला महिना लागायचा."

"म्हणजे तो चांगला होता की वाईट?" मला नेहमी शेवटची ओळ आधी लागते.

"तो कामाचा होता," बाबा म्हणाले आणि ताटाभोवती बोट फिरवत राहिले. "त्या म्हाताऱ्यांचं काय झालं असेल, त्याचा मी विचार करतो. कामं उरली नव्हती. नमस्कार तेवढा नक्की यायचा."

मी तेव्हा त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

दोन आठवड्यांनी ते सम्राटाच्या वारसापर्यंत पोचले. हा दुसरा सम्राट सभेला कळकळीने मत विचारायचा, आणि त्यामुळेच सभा घाबरून असायची. एका खटल्यात तो रागाच्या भरात म्हणाला की आज मीसुद्धा मत देणार, तेही उघड. सगळे चिडीचूप. तेव्हा एक जुना सभासद शांतपणे उभा राहिला आणि त्याने विचारलं, की महाराज, तुम्ही आधी बोलणार की शेवटी? आधी बोललात तर कुणाच्या मागे जायचं ते मला कळेल. शेवटी बोललात तर चुकून माझं मत वेगळं पडायचं.

आम्ही सगळे खो-खो हसलो. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सोमवारी मी हा किस्सा ऑफिसमध्येही सांगितला.

त्याच महिन्यात मी बाबांच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज तयार केला. पॅरेंट्सना स्पॉन्सर करण्याचे ते भलेमोठे फॉर्म मी रात्री जागून भरले होते. कागदपत्रं लावली, फोटो लावले, आणि जिथे बाबांच्या सह्या हव्यात तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो गठ्ठा टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हटलं, "बाबा, तुमचं मत घ्यायचं होतं. इथे कायमचं राहावं, असं वाटतंय का तुम्हाला?"

बाबांनी गठ्ठा उचलला. एकेक पिवळी चिठ्ठी अंगठ्याने पुढे सारत शेवटच्या पानापर्यंत गेले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत विचारलं, "तू आधी बोलणार आहेस की शेवटी?"

या वेळी कुणी हसलं नाही. नवऱ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला जे येतं तेच मी केलं. भडकले. "म्हणजे मी काय जुलूम करते तुमच्यावर? साधी भाजी आणायची तरी तुम्हाला विचारते! कुठली मुलगी इतकं करते, दाखवा मला. मैत्रिणींचे आईवडील सहा महिन्यांत नकोसे होतात त्यांना!"

"तसं नाही गं, बेटा. तू सगळं विचारतेस. उणं काहीच नाही."

एवढं म्हणून त्यांनी पेन मागितलं आणि प्रत्येक चिठ्ठीपाशी, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात, मराठीत सही केली. शेवटची सही झाल्यावर गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवून माझ्या हातात दिला आणि कप विसळायला गेले.

जिंकले होते मी. लिफाफा गाडीत ठेवला, उद्या पोस्ट करू म्हणून. उद्याचे बारा-पंधरा उद्या झाले. ऑफिसला जाताना तो शेजारच्या सीटवर दिसायचा. एका सकाळी दारातून निघताना पाहिलं तर बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बूट घालून बसले होते. मला उशीर होत होता, त्यांना फिरायला नेण्याइतका वेळ नव्हता. "आज तुमची नात निघेल ना, तिच्याबरोबर जा," मी म्हणाले. "हो हो, मला काही घाई नाही," ते म्हणाले. गाडी रस्त्याला लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस दोन वर्षं त्या पायरीवर परवानगीची वाट बघत बसलाय. आणि मी त्याला घरातल्या भाजीबद्दल विचारत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. सिग्नल हिरवा होऊन मागच्याने हॉर्न दिला, तरी मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना.

शुक्रवारी त्यांना आणायला डोंगरावर गेले. धुकं होतं, वर भुरभुर पाऊस. बाबा गाडीत बसले, लिफाफा उचलून मांडीवर ठेवला आणि पट्टा लावला. मी इंजिन सुरू केलं नाही.

"बाबा, हे मी टाकलेलं नाही. आणि मी काही ठरवलेलंही नाही. या वेळी तुम्ही आधी बोला. मी मध्ये बोलणार नाही."

हे म्हणताना मी काही फार थोर झाले नव्हते. मनात आशा होती की ते म्हणतील, राहतो. काचेवर वाफ धरली. तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं म्हणजे काय, ते मला त्या पाच मिनिटांत कळलं.

"मला घरी जायचंय," बाबा म्हणाले.

उत्तरं सगळी तयार होती. तुमचं वय, तुमचं बीपी, स्वयंपाक कोण करेल, घरी पडलात तर कोण उचलेल. एकेक उत्तर ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

"तिथे शेजारी चित्रकलेचे मास्तर आहेत. आम्ही दोघं सकाळी फिरायला जातो. त्यांच्याकडे माझी एक किल्ली असते, माझ्याकडे त्यांची." थोडं थांबून ते म्हणाले, "तू मला फार मानाने ठेवलंस. खोटं नाही सांगत. पण मला कधी लहर आली तर दार उघडून बाहेर पडता आलं पाहिजे गं."

"मी तुम्हाला बेसमेंट देते," मी म्हणाले. बोलणार नाही म्हटलेलं मोडलंच. मी रडत होते. "उद्याच देते. वेगळी किल्ली, वेगळं दार."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता नको," ते म्हणाले. "आता माझं मत झालंय."

महिनाभराने ते गेले. विमानतळावर मी त्यांच्या औषधांची यादी तीन वेळा वाचून दाखवली, आणि त्यांनी ती तिन्ही वेळा नीट ऐकली. नवऱ्याने मला काहीच दूषण दिलं नाही. बाकीच्यांनी कसर भरून काढली. मी स्वतःही रात्री-अपरात्री मनातल्या मनात तेच बोलायचे, की मान ठेवायच्या नादात म्हाताऱ्या बापाला एकटं धाडलंस. बरोबर केलं की चूक, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. 

त्यानंतर दीड वर्ष ते होते. रविवारचा फोन कधी चुकला नाही. त्यांच्या आवाजात उन्हाळ्याच्या तक्रारी असायच्या, महानगरपालिकेवरचा राग असायचा, मास्तरांशी झालेलं भांडण असायचं. इथे असताना ते कधी कुणाशी भांडले नव्हते.

मग एका बुधवारी संध्याकाळी, आम्ही तिघं जेवत असताना, फोन वाजला. तिथे सकाळ असणार. मी स्पीकरवर टाकला.

"जेवून राहिले का तुम्ही? मग नंतर करतो."

"नाही, नाही, बोला. रविवार नाही आणि फोन?"

"तुझं मत घ्यायचं होतं," बाबा म्हणाले. त्यांना दम लागत होता. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढले, पण आम्हाला कळवलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. या वयात त्याची खात्री नाही, आणि नाही केलं तर फार दिवस नाहीत. "मला वाटतं, करू नये. तुझं काय म्हणणं?"

मी सुरू झालेच. सेकंड ओपिनियन घेऊ, मुंबईला हलवू, मी परवाच्या फ्लाइटने निघते, रिपोर्ट्स मला मेल करायला सांगा. बाबा मध्येच हूं हूं करत ऐकत होते. तेवढ्यात मागे मास्तरांचा आवाज आला, साखर घालू की नको म्हणून, आणि लोखंडी फाटकाची कडी वाजली. त्या कडीचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. म्हणजे बाबा घरी आले होते. हॉस्पिटलच्या कागदांवर सही करून, निघून, आपल्या किल्लीने दार उघडून आत येऊन बसले होते, आणि मग त्यांनी मला विचारायला फोन लावला होता.

मी बोलता बोलता थांबले. टेबलाच्या टोकाची ती खुर्ची रिकामीच असायची, तिच्याकडे बघत म्हटलं, "बाबा, मी आधी बोलू की शेवटी?"

ते हसले. हसता हसता खोकला आला, पण हसत राहिले. "तू बोल," ते म्हणाले. "मी ऐकतोय."

मला ओरडायचं होतं. मला म्हणायचं होतं, की ऑपरेशन करा, माझ्यासाठी करा, मला आता दुसरं कुणी नाही. ते माझं मत होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," मी म्हणाले.

"घाईने येऊ नकोस," मग ते म्हणाले. "दिवाळीला ये, सगळे या." दिवाळीला अजून तीन महिने होते. एक महिनाही मिळणार नाही, हे मला माहीत नव्हतं. त्यांना होतं की काय, कोण जाणे.

टेबलापासून खुर्ची सरकल्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा. मी फोन उचलून दुसऱ्या खोलीत न्यायला निघाले होते.

"उठू नका," बाबा म्हणाले. "बसा, बसा. जेवा."

मी बसले. आणि त्यांनी आधी माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन त्याचा निरोप घेतला, मग नातीचं नाव घेऊन तिचा, आणि शेवटी, आई हाक मारायची त्या घरातल्या नावाने, माझा. आम्ही तिघं जागच्या जागी बसून होतो. फोन बंद झाल्यावरही कुणी उठलं नाही.